सरदारजींचं घर कोणतं?

भिलाईत, चौऱ्याऐंशीच्या डिसेंबरात, आमच्या गल्लीत मत मागायला आलेल्या एका उमेदवाराने माझ्या प्रश्नाला जे उत्तर दिलं, ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो…

पंतप्रधानांच्या हत्येनंतर दिल्लीत शिखांची घरं जाळली गेली, त्याला जेमतेम महिना झाला होता. आमच्या समोरच्या क्वार्टरमध्ये अमरजीत आणि तिचे यजमान राहत. ते पोलादाच्या प्लांटमध्ये फोरमन. आमच्याकडे काही घडलं नव्हतं. तरीही अमरजीतची मुलं रोज शेजारच्या सहारे वहिनींकडे झोपायला जात… यावरून काय ते समजा.

शेजाऱ्यांनी पाणी, रस्ते, दिवे असे नेहमीचे प्रश्न काढले. मला ते क्षुल्लक वाटले. मी राज्यशास्त्राची एम. ए., शाळेत शिकवणारी. प्रश्न असा नेमका असावा की उत्तर टाळताच येऊ नये, हा माझा आग्रह. शुद्ध हिंदीत मी विचारलं, की इथल्या शीख कुटुंबांच्या सुरक्षिततेची हमी आपण कशी देणार?

उमेदवार प्रसन्न हसले. "बहनजी, चिंता मत कीजिए. बस घर बता दीजिए, कौन-कौन से हैं. लड़के भेज देंगे."

त्यांच्या बाजूच्या कार्यकर्त्याने लगेच खिशातून पेन काढलं.

त्या वाक्यात बोट ठेवावं असा एकही शब्द नव्हता. ते 'लड़के' राखणीला येणार होते की आणखी कशाला, हे चेहऱ्यावरून कळेना. माझी नजर समोरच्या खिडकीकडे वळू नये म्हणून मी ती जमिनीला खिळवली.

तेवढ्यात भंडाऱ्याकडच्या आमच्या सहारे वहिनी खणखणीत आवाजात म्हणाल्या, "सब घर उन्हीं के हैं. मेरा भी लिखिए." मग माझ्याकडे वळून, "बाई, तुमी कावून चूप बसल्या? सांगा ना त्याईले. तुमचं कोनी खोटं नाई म्हनत."

मी मान वर केली. "जी हाँ. पहला मेरा लिखिए."

पेन तसंच राहिलं. कोणीतरी हसलं, जीप निघून गेली.

मला वाटलं, विषय संपला. दोन-तीन दिवसांनी भरदुपारी दोन अनोळखी तरुण माझ्या दारात उभे. "सरदारजी का घर यही है?"

घरात दुसरं कोणी नव्हतं. फक्त स्वयंपाकघरात अमरजीत मटार सोलत बसलेली. शेंगांचा आवाज थांबला…

"यही है. बोलिए."

त्यांनी माझ्या कुंकवाकडे पाहिलं, दारावरच्या आडनावाच्या पाटीकडे पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं आणि निघून गेले. काय काम होतं, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

आत आले, तर अमरजीत भिंतीला टेकून उभी. कौन था, तिने विचारलं. म्हटलं, हमारे यहाँ आए थे.

सुरक्षिततेचा प्रश्न मी त्यानंतरही प्रत्येक उमेदवाराला विचारला. कोणतं घर कुणाचं, हे मात्र एकालाही सांगितलं नाही… ते शहाणपण सहारे वहिनींचं.