खालून तिसरी ओळ

गिरजामावशी गेली त्याला आता सहा आठवडे झाले. लिव्हरने गेली नाही, हे आधी सांगून टाकते. मिरच्या तोडता तोडता छातीत कळ आली, बांधावर टेकली, ती उठलीच नाही. मी तेव्हा मंचेरियलला होते, खाणकामगारांच्या बायकांची बैठक आटोपून निघालेली. एसटीडी बूथवाल्याने हाक मारली, 'भैंसाहून फोन होता, तुमची मावशी...' पुढचं त्याला म्हणवेना. तेराव्याला मात्र लोकांना सगळं म्हणवत होतं. 'शेवटी लिव्हरनंच घात केला,' एक पाहुणे पंगतीत ठासून सांगत होते, 'आन लिव्हर काऊन खराब होते, ते काय सांगाव!' हातातली वरणाची बादली घेऊन मी तिथेच उभी राहिले. तोंडावर आलेलं गिळलं. कारण ही थाप गावाला पहिल्यांदा छापून कोणी दिली असेल, तर ती मीच.

मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. भैंसापासून पायी अर्ध्या तासावर तिचं गाव, गावाला लागून मळा. वांगी, मिरची, गवार. काका लवकर गेले, लेक सासरी. मळा तिने एकटीने राखला. कॉलेजसाठी मी तिच्याकडे राहायला आले आणि चळवळीत पडले. नव्वदीची सुरुवात होती. सारा, म्हणजे आमच्याकडची देशी दारू, पाकिटांतून गावोगाव पोचत होती. जिथे प्यायचं पाणी पोचत नव्हतं तिथेही सारा वेळेवर पोचायचा. आमच्या गावच्या बायकांनी साऱ्याच्या दुकानासमोर धरणं धरलं. मावशी भाजीची पाटी घेऊनच यायची. धरणंही चालायचं आणि विक्रीही. पत्रकं मी लिहायची. वीस वर्षांची होते, उद्गारचिन्हांना तोटा नव्हता. एका पत्रकात खालून तिसरी ओळ अशी होती : 'ज्याचं लिव्हर सडलं तो पिणारा, आणखी पुरावा कशाला!' ही ओळ मला फार आवडली होती.

त्या हिवाळ्यात मावशीच्या कुशीत कळा येऊ लागल्या. मुतखडा असणार म्हणून नांदेडला नेलं, सोनोग्राफी केली. खडा निघालाच, बारीकसा. पण डॉक्टरांचा हात वर सरकला आणि एका जागी थांबला. लिव्हरमध्ये एक डाग आहे म्हणाले, बोराएवढा. मग चष्म्यावरून बघत विचारलं, 'काही घेता का?' मी उसळलेच. मावशीने माझं मनगट दाबलं. 'घेतो ना साहेब. चहा.' आणि थोडं थांबून, 'बोर म्हन्ता, त कच्चं हाय का पिकलेलं?' डॉक्टर हसले नाहीत. तेच बघायचंय, म्हणाले; साधा असू शकतो, वाईटही असू शकतो. त्यासाठी हैदराबादला मोठ्या मशीनवर तपासणी, आणि तिथला नंबर लागला तीन आठवड्यांनी. माणसाला असं अर्धवट सांगायचं आणि तीन आठवडे लटकत ठेवायचं, याचा राग मला आजही येतो. परतीच्या बसमध्येच मी निवेदनाचा मसुदा सुरू केला. मावशी खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, 'तुह्या निवेदनानं डाग लहान होईन का व?'

ती मोठ्या धीराची होती, असं आता सगळे म्हणतात. सुरुवातीला नव्हती. मी बघितलंय. पहाटे उठून ती वांग्यांना पाणी द्यायची. दुपारी पुन्हा द्यायची, ऊन उतरलं की पुन्हा. स्वस्थ बसली की हात आपोआप पोटावर जायचा, दाबून बघायचा... तो हात तिथून उचलायला काहीतरी काम हवं, म्हणून पाणी. आठवड्याभरात झाडांनी माना टाकल्या, बुडं कुजली. उभी हयात वांगी पिकवलेल्या बाईच्या हातून! चिखलात घोट्यापर्यंत पाय रुतलेले, आणि ती एकेका झाडाकडे बघत होती. 'भेव लागून राह्यलं पोरी,' म्हणाली. माझ्याकडे घोषणा होत्या, त्या इथे चालणाऱ्या नव्हत्या.

अशी बातमी गावात लपते थोडीच! वांगी कुजली त्याच्या दुसऱ्याच दिवशी धरण्यावर दुकानवाल्याने गल्ल्याखालून माझं पत्रक काढलं आणि ती ओळ सगळ्यांना ऐकू जाईल अशी वाचली. 'मंग गिरजाबाई, तुमी कोनतं पाकीट घेता? लाजता काऊन? घरपोच देतो ना!' गिऱ्हाइकं खो खो हसली. मावशी म्हणाली, 'मले गवार इकू दे बावा, मंग बोलू,' आणि गवार संपेपर्यंत जागची हलली नाही. घरी आल्यावर मात्र पाटी ठेवताठेवताच म्हणाली, 'ते कुठं लिवलं, दाखव.'

तिला वाचता येत नव्हतं. मी बोट ठेवलं. तिने खालून मोजलं. एक, दोन, तीन.

'हे तुले कोनं सांगतलं?'

'कोणी नाही.'

'मंग लिवलं काऊन?'

मी दुकानवाल्यावर घसरले. सोडणार नाही त्याला, उद्याच दुसरं पत्रक काढते... तिने ते बोलणं पालापाचोळा लोटावा तसं हाताने बाजूला लोटलं. 'माह्यं राहू दे. शांताचं सांग.'

शांता मागच्या गल्लीतली. तिचा नवरा थेंबालाही न शिवलेला माणूस, काविळीत लिव्हर जाऊन वारला. पत्रक निघाल्यापासून शांता धरण्यावर यायची बंद झाली होती, आणि दुकानवाल्याने तिला फोडली, असं मी चारचौघींत बोलून मोकळी झाले होते. मावशीच्या एका वाक्याने माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि तो उजेड काही सुखाचा नव्हता.

माळ्यावर त्या पत्रकांचे दोन गठ्ठे उरले होते. मावशीने ते खाली काढले आणि हैदराबादला जायचे जेवढे दिवस उरले होते तेवढे वाटे केले, वाफ्यांसाठी रोपं वाटून ठेवावीत तसे. वाटीत कपड्याला द्यायची नीळ कालवली, कापसाच्या पऱ्हाटीच्या दोन काड्यांची टोकं ठेचून कुंचे केले. रोज दिवेलागणीआधी आम्ही ओसरीवर बसायचो. ती खालून मोजून तिसऱ्या ओळीवर निळा पट्टा ओढायची. मी वरचं पुन्हा वाचून आणखी काही मनचं लिहिलंय का बघायची. दोन ठिकाणी निघालं. तेही खोडलं. तिने नियमच केला होता : 'वाटा हाय तवरीक डागाचं काय बोलाचं ते बोल. वाटा संपला का तोंड बंद.' मग त्या तासाभरात ती सगळं बोलायची. आपण गेलो तर मळा कोणी बघायचा, लेकीला कधी कळवायचं, दुखेल का... मीही बोलायची. शेवटचा कागद वाळत टाकला की ती काडी धुवायची, आणि खरंच पुढे त्यावर शब्द काढायची नाही. भीती गेली नव्हती. तिला बसायची वेळ ठरवून दिली होती, एवढंच. आणि वांग्यांना पाणी एकदाच.

खोडलेलं पहिलं पत्रक घेऊन तिने मला शांताकडे धाडलं. 'तू बी चल,' म्हटलं, तर म्हणे, 'लिवाले मी आल्ती का?' शांताने तो निळा पट्टा बराच वेळ बघितला. माझी माफी ऐकून घेतली. 'गेल्यावर त्यायचं नाव खराब झालं गावात,' एवढंच बोलली. उंबऱ्याच्या आत काही बोलावलं नाही. चौथ्या दिवशी मात्र धरण्यावर आली आणि मावशीशेजारी बसली, माझ्याशेजारी नाही.

हैदराबादच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली आणि म्हणाले, हा रक्तवाहिन्यांचा गुंता आहे, बहुतेक जन्मापासूनचाच, धोका नाही. मी रडायला लागले. मावशीने विचारलं, 'म्हंजे हे माह्यासंगच वाढलं?' डॉक्टर हो म्हणाले. 'मंग राहू द्या बापा, घरचंच हाय.' येताना बसमध्ये ती झोपली, माझ्या खांद्यावर, तोंड उघडं टाकून. तीन आठवड्यांत तिला इतकी गाढ झोपलेली मी पाहिली नव्हती. त्यानंतर पाच वर्षं तो डाग तिच्याबरोबर मळ्यात राबला. साऱ्याचं दुकान उठलेलं दोघांनीही पाहिलं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटेच बियाण्याचा पत्र्याचा डबा उघडला. आत पुड्याच पुड्या. उरलेली पत्रकं तिने कापून बियांना वापरली होती, आणि जवळजवळ प्रत्येक पुडीवर कुठे ना कुठे निळा तुकडा होता. पंगतीतल्या, मुक्कामाला राहिलेल्या त्या पाहुण्यांसाठी रात्रभर डोक्यात जुळवलेलं झणझणीत पत्रक मी तिथेच सोडून दिलं. सकाळी चहा घेऊन त्यांच्यापाशी बसले. मावशी कशाने गेली ते सांगितलं, आणि ती जुनी ओळ माझी होती, खोटी होती, हेही सांगितलं. ते मान खाली घालून ऐकत राहिले. चहा मात्र पूर्ण प्यायले.

मग वांग्याची एक पुडी घेऊन मळ्यात गेले. वाफा केला, बी टाकलं, वर माती सारली. हात पुन्हा पुन्हा कळशीकडे जात होता.

पाणी एकदाच घातलं.