टबातलं पांढरं पाणी

ओहोटीला खाडीच्या चिखलाचा वास आला, की मला आमच्या तुळिंजच्या फ्लॅटमधला टब आठवतो. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी त्याच चिखलातून पकडलेले गांडुळासारखे समुद्रकिडे मी दिवाळीच्या सुट्टीत सांभाळायला घरी आणले होते. एका सकाळी बघतो, तर पाणी दुधासारखं पांढरं आणि किडे लुळे पडलेले. आदल्या दिवशी टब मीच साबणाने घासला होता! आता डिग्री गेली, म्हणून पुरावाच मोरीत ओतायला निघालो, तर आई कडाडली, "ओतशील तर खबरदार! मोरी तुंबली तर कोण काढणार? तुझ्या बाईंना नेऊन दे." टब मांडीवर घेऊन रिक्षाने निर्मळला, प्रकल्पाच्या मार्गदर्शक मॅडमच्या घरी गेलो. "मॅडम, सगळे मारले मी." त्यांनी एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि हसतच सुटल्या. "अरे, अंडी आहेत ही! मेंदूतला हार्मोन यांना वयात येऊ देत नाही. तो ओसरला की अंगात अंडी भरतात, आणि ती टाकली की हे मरतातच. याचीच तर वाट बघत होतो आपण!" "म्हणजे मी नाही मारले?" "तू? तुझा काय संबंध?" आज मीही शिकवतो, पण इतका सुखाचा अपमान पुन्हा कुणी केला नाही.