सातची माळ

चष्म्याच्या दुकानात पुढे काउंटर, आरसे, दिवे आणि गोड बोलणारी माणसं. मागे एक पडदा, आणि पडद्याआड तो. गेली एकोणीस वर्षं तो तिथे काचा घासत होता. गोल काच फ्रेमच्या मापाने कापायची, फिरत्या चाकावर पाण्याच्या धारेखाली तिची कड काढायची, उजेडात धरून बघायची, पुन्हा घासायची. या कामात त्याचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता. पण त्याने ते पत्करलं होतं वेगळ्याच कारणाने. काचेशी बोलावं लागत नाही.

तो अडखळत बोलायचा. ‘न’ आणि ‘प’ ही दोन अक्षरं तर त्याची जन्माची वैरी. दुकानातल्यांनी त्याचं नाव ठेवलं होतं ‘वक्ते’. तोही त्यांच्याबरोबर हसायचा. हसताना जीभ अडकत नाही.

दहा वर्षांचा असताना त्याला चर्चमध्ये वाचायला उभं केलं होतं. ‘प्रभू’ या पहिल्याच शब्दाशी गाडी रुतली. मागच्या बाकांवर खुसखुस सुरू झाली आणि तो पुस्तक मिटून खाली आला, तो पुन्हा कधी वर चढला नाही. देवावर त्याचा राग नव्हता. चाकाच्या घरघरीत तो देवाशी मनातल्या मनात भरभरून बोलायचा. फक्त तोंडाने बोलायचं काम दुसऱ्या कोणी करावं, एवढंच त्याचं म्हणणं.

ते काम बायकोने केलं. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका, चर्चच्या गायनवृंदात पहिल्या रांगेत. लग्नात शपथ घेताना त्याला इतका वेळ लागला की पाहुणे घड्याळं बघायला लागले. नंतर त्याने माफी मागितली, तेव्हा ती म्हणाली, “अख्खं आयुष्य दिलंय तुम्हाला. त्यात ही चार मिनिटं कुठे मोजू?”

त्या दिवसापासून घरातला देवधर्म तिच्याकडे. संध्याकाळी सात वाजले की ती टीव्ही बंद करायची, कपाटावरच्या क्रूसापुढे मेणबत्ती लावायची आणि सगळे माळेला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला, बसायचे: तो, तिची आई, दोन मुली. दर मण्याला ‘नमो मारिये’ या देवमातेच्या प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग तिने खणखणीत आवाजात म्हणायचा, दुसरा अर्धा सगळ्यांनी मिळून. त्या घोळक्यात तोही पुटपुटायचा.

मग एका वर्षी तिचा आवाज बसू लागला. चाळीस मुलांच्या वर्गावर वीस वर्षं ओरडून घशात गाठी आल्या होत्या. ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं, “पंधरा दिवस एक अक्षर नाही. कुजबुजसुद्धा नाही.”

पहिल्या संध्याकाळी माळ सासूबाईंनी ताब्यात घेतली. माळेचे पाच भाग, त्यांना रहस्यं म्हणतात; त्यातली दोन झोकात पार पडली. तिसऱ्यात त्यांचा आवाज खाली खाली गेला आणि घोरणं सुरू झालं. दुसऱ्या दिवशी थोरलीची पाळी. बारा वर्षांची ती पोर, तिने सुटलेल्या घोड्यासारखी माळ पळवली.

“अगं, देवाची आई पण दमली असेल ऐकून!” सासूबाई म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी बायकोने वहीत दोन शब्द लिहिले आणि वही त्याच्यापुढे सरकवली. ‘आज तुम्ही.’

त्याने मान हलवली. तिनेही मान हलवली, पण उलट्या दिशेने. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कोणाची मान जिंकणार हे काय सांगायला हवं? त्याने माळ हातात घेतली.

“न... न... न...”

घाम फुटला. मेणबत्तीकडे बघून झालं, डोळे मिटून झाले. शब्द काही सुटेना. सहा वर्षांच्या धाकटीने त्याच्या बोटांकडे वाकून पाहिलं.

“बाबा, मणी अडकलाय का?”

ती चेष्टा करत नव्हती, तिला खरंच तसं वाटलं होतं. तरी तो उठला आणि स्वयंपाकघरात जाऊन नळापाशी उभा राहिला. दहा वर्षांचं ते पोर अजून त्याच्या आत होतं, आणि आता तर घरातच, आपल्याच लेकरांसमोर त्याचं हसं झालं होतं. निदान त्याला तसं वाटलं.

बायको मागून आली. तिने वही उघडून धरली. ‘देवाला घाई नाही. आम्हालाही नाही.’ खाली आणखी एक ओळ होती: ‘आईला असेल. तिच्याकडे बघू नका.’

त्याला हसू फुटलं. तो परत येऊन बसला.

“न... न...”

इतक्यात थोरलीने सूर मिळवला, हळूच, पण या वेळी न पळता. “नमो मारिये...” आणि काय झालं ते त्यालाही कळलं नाही. तिच्या आवाजाचा हात धरून त्याचा आवाज निघाला आणि थेट शेवटपर्यंत गेला. कुठे ठेच नाही. पुढचा मणी, तोही गेला. धाकटीनेही मग आपला किनरा आवाज जोडला.

सासूबाई गोंधळल्या. “पण पहिला अर्धा सगळ्यांनी म्हटला, तर दुसरा कोणी म्हणायचा?”

“तोही सगळ्यांनीच, आजी,” थोरली म्हणाली.

“अशी माळ मी जन्मात ऐकली नाही,” त्या म्हणाल्या. पण पुढच्या मण्याला त्यांचाही आवाज आला, आणि त्या संध्याकाळी त्या शेवटपर्यंत जाग्या राहिल्या.

बायको ओठ घट्ट मिटून बसली होती. डॉक्टरांची आज्ञा मोडायची नाही म्हणून तिने एका हाताने तोंड धरलं होतं. डोळ्यांना मात्र कोणी आज्ञा केली नव्हती.

तेव्हापासून रोज सात वाजता तो माळ सांगू लागला. रहस्यांच्या आधी प्रत्येकाने एक गोष्ट सांगायची, दिवसभरातली, जिच्यासाठी देवाचे आभार मानायचे. ही कल्पना बायकोची, वहीतून आलेली. धाकटीने दुधाच्या दाताचे आभार मानले. सासूबाईंनी गुडघ्याचे मानले, “डाव्या. उजव्याबद्दल मी काही बोलत नाही.” आपली पाळी आली की त्याला वेळ लागायचा, पण सगळे थांबायचे. कधी तो म्हणायचा, आज एका म्हातारबाबांच्या जाड भिंगाची कड पहिल्या फटक्यात जमली. मुलींना प्रथमच कळत होतं की पडद्याआड त्यांचा बाप दिवसभर काय करतो, आणि किती जीव लावून करतो.

थोरली मोठी हुशार. तिने रोज आपला आवाज थोडाथोडा कमी करत नेला. एका संध्याकाळी तिसऱ्या रहस्यात त्याच्या लक्षात आलं की पहिला अर्धा भाग तो एकटाच म्हणतोय. लक्षात आल्याबरोबर तो अडखळला, अर्थातच. पण थांबला नाही.

पंधरा दिवस संपले. डॉक्टरांनी तिला बोलायची परवानगी दिली. आवाज आला, पण तो आधीचा नव्हता. जाडसर, खरखरीत, एक पट्टी खाली उतरलेला. गायनवृंदातले वरचे सूर आता परत येणार नव्हते, हे तिला दवाखान्यातच कळलं होतं. घरी आल्यावर सगळ्यांना वाटलं, आज माळ तिची. त्याने माळ तिच्यापुढे धरलीदेखील.

तिने ती त्याच्या मुठीत बंद केली. “तुम्ही सांगा. मला उत्तर द्यायचंय.”

त्याने पहिला अर्धा म्हटला, दोनदा अडखळत. मग दुसरा अर्धा आला, तिच्या नव्या, फाटक्या आवाजात. “हे पवित्र मारिये, देवाच्या माते...” ती रडत होती आणि म्हणत होती. इतकी वर्षं ती पुढे आणि तो मागे असायचा. आता तो पुढे होता, आणि ती एकटी पडू नये म्हणून सावकाश चालत होता.

त्याचं तोतरेपण काही गेलं नाही. फादरांनी चर्चच्या उपासनेत, मिस्सात, वाचायला बोलावलं तेव्हा त्याने हसून नकार दिला. “न... नको, फादर. माझं घरातच बरं चाललंय.” हे सांगताना त्याला लाज वाटली नाही.

दुसऱ्या वर्षी धाकटीचं प्रथम कम्युनियन झालं, चर्चमध्ये पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्याचा विधी. दुपारी सगळे जेवायला बसले. ती पांढऱ्या झग्यात टेबलाच्या टोकाला. त्याने उठून तिच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढला आणि आभाराची प्रार्थना सुरू केली, पाठ नसलेली, त्याची स्वतःची. या लेकीसाठी. थोरलीसाठी. बायकोच्या आवाजासाठी, होता तेव्हाच्या आणि आता आहे त्याच्या. सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांसाठी. ‘प्रभू’ या शब्दाशी तो बराच वेळ थांबला. कोणी मदतीला आलं नाही, कारण त्याला मदत नको होती हे सगळ्यांना कळत होतं. शेवटी शब्द आला, आणि सगळ्यांनी आमेन म्हटलं.

तोवर जेवण गार झालं होतं. ते सगळ्यांनी पोटभर खाल्लं.