हौसाक्कांना पाळण्यात बसायचंय

आमच्याकडे किस्से शोधावे लागत नाहीत. दिव्यांगांची सहल काढायची म्हटली की ते आपोआप साठत जातात. मी विश्रामबागेतल्या एका केंद्रात फिजिओथेरपिस्ट आहे, आणि यंदाची सहल माझ्याच गळ्यात पडली.

सुरुवात हौसाक्कांनी केली. त्या आटपाडीकडच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या, वय पंचावन्न. लहानपणी पोलिओनं दोन्ही पाय गेले. व्यायाम करताना एकदा म्हणाल्या, "बाई, मला मोठ्या पाळण्यात बसायचंय. उभ्या जल्मात बसले न्हाई." त्यानंतर दर खेपेला, "कवा जायाचं?" शेवटी वाईच्या पुढचं, आकाशपाळणा असलेलं एक पार्क ठरवलं.

*

पार्कला फोन लावला. विचारलं, "व्हीलचेअर आणल्या तर चालतील ना?"

"चालतील की मॅडम. पार्किंग फ्री आहे."

*

फोनवर भरवसा नको म्हणून टेप घेऊन स्वतः गेले. गेट, रॅम्प, संडासाची दारं, सगळं मोजून वहीत उतरवलं. परत येऊन मोठ्या ऐटीत रफिकभाईंना वाचून दाखवलं. रफिकभाई मिरजेचे, आमच्याच केंद्रात येतात, तानपुरे बनवतात. दहा वर्षांपूर्वी दृष्टी गेली, पण हात अजून चालतात.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि आपल्या व्हीलचेअरची रुंदी किती?"

ती मी घेतलीच नव्हती.

"आमच्यात तानपुऱ्याला आधी भोपळा बघतात मॅडम, मग बाकीची मापं," रफिकभाई म्हणाले. मी टेप घेऊन खुर्च्यांकडे गेले.

*

मग वेळापत्रक केलं. कुणाची गोळी कधी, कुणाला संडासला कधी न्यायचं, एकही मिनिट सुटलं नाही. तेही रफिकभाईंना वाचून दाखवलं.

"यात संडास सहा वेळा आला, पाळणा एकदाच. आपण नक्की काय बघायला चाललोय?"

मला रागच आला. पण मोजलं तर खरंच सहा.

*

बसमध्ये मी रफिकभाईंना आतल्या सीटवर बसवलं आणि खिडकी दुसऱ्याला दिली. माझा हिशेब सरळ होता, त्यांना बाहेरचं काय दिसणार?

कराड आलं. रफिकभाई हळूच म्हणाले, "मॅडम, वारं काय डोळ्यांनी खातात का?" तिथून पुढं खिडकी त्यांची.

*

खरी अडचण पाळण्याची. पार्कचा नियम असा, की दिव्यांग व्यक्तीसाठी फॉर्मवर पालकाची सही हवी. मी आधीच फोनवर भांडले होते, "पंचावन्न वर्षांच्या बाईचा पालक कुठून आणू?" पार्कवाले म्हणाले, घरातलं कुणीही चालेल, पण सही नसेल तर बसवणार नाही.

म्हणून हौसाक्कांचा धाकटा भाऊ बिरू सोबत आला होता. पाळण्यापाशी पोचलो आणि गडी फॉर्म हातात घेऊन नुसता वर बघत राहिला. "लय उंच हाय अक्का. तुला भ्या वाटंल. ऱ्हाऊ दे."

एवढी धडपड केली आणि आता ही बाई तशीच घरी जाणार?

हौसाक्का शांतपणे म्हणाल्या, "बिरू, तुझं लगीन म्या ठरवलं. तुझ्या दोन पोरींची म्याच ठरवली. तवा कुणाची सही घेतली व्हती रं?"

बिरूनं सही केली.

चौघांनी उचलून त्यांना पाळण्यात बसवलं, पट्टा लावला. मी शेजारी बसले. समोरची सीट मोकळी होती. पाळणेवाला बिरूला म्हणाला, "दादा, तुम्ही पण बसा." बिरूनं चपला काढल्या, एक पाय आत टाकला.

"न्हाई," हौसाक्का म्हणाल्या. "तू खाली बस. समद्यांच्या पिशव्या आन चपला सांभाळ. आजवर दर जत्रंत म्या सांभाळल्या."

बिरूनं पाय मागं घेतला आणि चपला गोळा करायला लागला.