दादाच्या गाडीसाठी हळू मशीन

अर्धांगवायूचा झटका येऊन गेल्यावर दादा चालायला लागला, बोलायला लागला, उजवा हात तेवढा मागे राहिला. बोटं रोज हलवली नाहीत तर अशीच आखडतील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दाबायला दिलेला मऊ चेंडू त्यानं दुसऱ्याच दिवशी गोठ्यात भिरकावला. "मी काय बारकं पोर हाय व्हय?" वीस वर्षं फौजेत काढलेला माणूस, त्याला कोण समजावणार? मी धाकटी बहीण, माझं तर तो कधीच ऐकत नाही.

एकदा मात्र म्हणाला, "ती गाडी असती तर चालवली असती." ती गाडी म्हणजे कॉम्प्युटरवरचा जुना शर्यतीचा खेळ. तो सुट्टीवर आला की आम्ही दोघं तासन्तास खेळायचो आणि दर वेळी तोच जिंकायचा. मी लॅपटॉपवर, जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममधून, लावून दिला. चपट्या बटणांवरून त्याची बोटं घसरली, आवाज तुटत राहिला. त्यानं झाकण मिटून टाकलं. मग मी ठरवलं, जुनं मशीनच आणायचं.

सांगलीत जुने कॉम्प्युटर विकणारे एक चाचा आहेत. दुकानात कॉम्प्युटरचे डबे छतापर्यंत रचलेले. आता आमच्याकडची खोड अशी, की विहिरीला पाच हॉर्सपॉवरची मोटर पुरत असली तरी माणूस साडेसातची बसवतो. मीही तेच केलं. "असंल त्यातलं सगळ्यात जोरदार द्या," म्हणाले. चाचांनी "खेळ कुठला?" विचारलं, तर मीच तोऱ्यात, "कुठला का असंना!" टीव्हीसारखा जड मॉनिटर, उंच बटणांचा कीबोर्ड, सगळं रिक्षात घालून घरी आणलं.

खेळ लावला. गाडी सुटली ती डोळ्यांना दिसायच्या आत भिंतीवर. दादा हसला, त्याचंच मला बरं वाटलं. पण दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदा तेच, आणि त्यानं हात मांडीवर घेतला. डबा उचलून मी परत सांगलीला. चाचा म्हणाले, "आवं ताई, म्हणून तर विचारत हुतो. ह्या खेळात मशीन जेवढं पळंल तेवढी गाडी पळती. खेळाच्याच वयाचं घ्या, हळू." माझी अक्कल शेण खायला गेली होती, दुसरं काय!

बदलून आणलेलं हे मशीन लागू पडलं. मी आधी एक फेरी मारून बघितली, गाडी अगदी पूर्वीसारखी. दादा बसला. पहिल्याच वळणावर धडकला. पुन्हा. पुन्हा.

"हे पण लय पळतंय. बिघडलंय," तो म्हणाला.

मशीन बिघडलं नव्हतं, पण हे त्याला कुठल्या तोंडानं सांगायचं? मला वाईट वाटत होतं आणि त्याचा रागही येत होता. डब्यावर टर्बो नावाचं बटण होतं. ते बंद केलं की मशीन आणखी हळू चालतं, हे चाचांनी दाखवलं होतं. तो पडद्याकडे बघत असताना मी ते गपचूप बंद केलं.

गाडी रांगायला लागली. वळण आलं, बोट उशिरा पडलं, तरी गाडी वळली. दुसरं वळण, तिसरं. फेरी पूर्ण झाली तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता.

"बटण बंद केलंस न्हवं?" पडद्यावरची नजर न काढता त्यानं विचारलं.

मी ते परत चालू करायला हात पुढे केला.

"ऱ्हाऊ दे तसंच. मशीन चांगलं हाय. हातच हळू झालाय." आणि डाव्या हातानं उजवा उचलून त्यानं पुन्हा बटणांवर ठेवला.