ड्रम कोणत्या दिशेने फिरत होता

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मित्राला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं जमेल असं वाटतं. बघू.

पवनीच्या बाहेर, रस्त्याला लागून आमचं फर्निचरचं वर्कशॉप आहे. माझं आणि दादाचं. पाटीवर माझ्या नावापुढे बी.एस्सी. लिहिलेलं आहे. हसू नका. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजचं फाटक ओलांडलेलं नव्हतं. ती अक्षरं टाकायचा हट्ट दादाचा होता — पण मीही नको म्हटलं नाही. कशाला म्हणायचं? कमावलेली होती.

दादा माझा मोठा भाऊ. शाळा सोडून एका मिस्त्रीच्या हाताखाली सुतारी शिकला. रंधा मारायला लागला की बघत बसावं असा हात होता त्याचा. होता — हा शब्द लिहिताना माझा पेन थांबतो.

सागवानाचे मोठे दरवाजे हाताने घासून घासून आमचे खांदे दुखायचे. नागपूरला एक फर्निचरचा कारखाना बंद पडला आणि तिथलं जुनं ड्रम सँडर विकायला निघालं. आडवा लोखंडी ड्रम, त्यावर गुंडाळलेला पॉलिश पेपर. खालून फळी सरकवायची, वरून ड्रम तिला घासत जातो. पिकअपवर ताडपत्री टाकून आणलं तेव्हा ते मशीन कमी आणि भंगार जास्त होतं. बेअरिंग गेलेलं, टेबलाला गंज, तारा उंदरांनी कुरतडलेल्या. मी त्याच्यामागे लागलो. रॉकेल आणि तारेच्या ब्रशने गंज काढला, बेअरिंग बदललं, वायरिंग नवीन केलं. कोणत्याही मेकॅनिकला हात लावू दिला नाही. पहिल्यांदा चालू झालं तेव्हा दादाने अख्ख्या रोडवर सांगितलं, आमच्या बाबूनं केलं म्हणून. बाबू म्हणजे मी.

फळी आपोआप आत ओढणारा पट्टा होता, पण त्याची लहान मोटर जळालेली होती. दादा म्हणाला, वाइंडिंग नवीन भरून आणू. मी म्हटलं, गरज नाही, हातानेच ढकलू. ही माझी पहिली चूक — पण मी ती सांगायला बसलेलो नाही. मी आडवळणाने चाललो आहे, मला कळतं आहे.

आमच्याकडे एक गोष्ट लहान पोरालाही माहीत असते. रोहित्र, म्हणजे आमच्या बोलीत डीपी, जळालं, लाइनमनने दुसरं बसवलं, की कधी कधी फेज पलटतात आणि मोटर उलटी फिरायला लागते. शेतावर पंप पाणी ओढत नाही, की माणूस समजतो. मग स्टार्टरची पेटी उघडायची, दोन तारांची अदलाबदल करायची, झालं काम. पंप उलटा फिरला तर फक्त पाणी येत नाही. पण हाताने फळी ढकलायच्या मशीनचा ड्रम उलटा फिरला तर? एरवी तो फळीला आपल्याकडे रेटत असतो. उलटा फिरला की आत खेचतो. फळीला, आणि फळीवर जे असेल त्यालाही. आणि आमच्या ड्रमवर पत्र्याचं झाकण होतं. बाहेरून दिशा दिसत नव्हती. म्हणून नियम मीच केला होता — रोहित्राचं काम झालं की आधी स्क्रू काढून झाकण उघडायचं, बटन क्षणभर दाबून बघायचं, मगच लाकूड लावायचं.

धान कापून झाल्यावरचे थंडीचे दिवस होते. रोहित्र बदललं, सकाळी लाइन आली. दादा आदल्या रात्री शेजारच्या गावात नाटक बघायला गेला होता. आमच्या झाडीपट्टीत हे दिवस नाटकांचेच, आणि दादाला त्याचं वेड. दूध पिणाऱ्या पोराला आईचं असतं तसं. पहाटे आला, आंघोळ केली, नाटकातलं गाणं गुणगुणत कामावर आला. त्या सकाळी तो माझ्यापेक्षा ताजा होता. हे नीट लक्षात ठेवा.

एका शाळेचे मुख्याध्यापक आले होते, शाळेचे दरवाजे करायचे होते. मी त्यांच्यासमोर खुर्ची टाकून बसलो होतो, मशीन मी स्वतः कसं दुरुस्त केलं ते सांगत होतो. सर कौतुकाने ऐकत होते. तेवढ्यात दादा आतून आला. सरांना दाखवायला एक लहान फळी घासून आणतो म्हणाला, आणि मला विचारलं, "बाबू, डीपी बदलली ना. ड्रम पाह्यला का?"

पाहिला नव्हता. त्यासाठी मला उठून, सरांसमोर भुशात गुडघे टेकून स्क्रू काढावे लागले असते. आणि त्याने सरांसमोर असं विचारावं याचाही राग आला. मला — माझ्याच मशीनबद्दल?

मी म्हटलं, "पाह्यला."

बस. एवढंच. दादा आत गेला.

ओरडणं ऐकून आम्ही धावलो. उजव्या हाताची दोन बोटं अर्धी गेली होती, तिसऱ्याची चामडी सोललेली. शेजारच्या पीठगिरणीचा गोविंदाभाऊ मोटरसायकल घेऊन आला, सर दादाला धरून मागे बसले. मी म्हटलं, मशीन बंद करून येतो. मशीन तर बंदच होतं. मेन स्विच पाडला, स्टार्टरची पेटी उघडली, आणि दोन तारांची अदलाबदल करून पेटी पुन्हा लावली. भावाला दवाखान्यात नेत होते आणि मी इकडे स्क्रू घट्ट करत होतो — असा मी माणूस आहे.

दवाखान्यात गोविंदाभाऊ म्हणाला, "आज माही चक्की उलटी फिरून राह्यली होती गा. तुमचं मशीन पाह्यलं होतं का?"

उत्तर सरांनी दिलं. ते म्हणाले, यांनी तपासलं होतं, माझ्यासमोरच सांगितलं. माझ्या खोट्याला साक्षीदार मिळाला, तोही मुख्याध्यापक. मग वहिनी आली. असं कसं झालं, असं तिने मला विचारलं. शिकलेला मी होतो ना, म्हणून मला. मी म्हटलं, "रातभर नाटक पाहून आला होता. झोप नव्हती त्याले."

वहिनी त्याच्याकडे बघत राहिली. दादा खाटेवर पडल्या पडल्या म्हणाला, "माहाच डोया लागला असन."

त्याचा डोळा लागला नव्हता. फळी हातातून ओढली गेली हे त्या हाताला कळलं असणार. पण त्याने आपल्या हातापेक्षा माझ्या शब्दावर जास्त विश्वास ठेवला.

त्यानंतर दादाने मशीनला हात लावला नाही. रंधासुद्धा धरत नाही, माझा भरोसा नाही म्हणतो. बोटांमुळे नव्हे, तीन बोटांनीही त्याने काम केलं असतं. आता तो समोर बसून गिऱ्हाईक सांभाळतो. कोणी हाताकडे बघितलं की हसत म्हणतो, नाटकाचं तिकीट जरा महाग पडलं. वर माझ्याकडे बोट दाखवतो, म्हणतो, आमचा बाबू पाह्यल्याबिगर बटन नाही दाबत. गिऱ्हाईक माझ्याकडे आदराने बघतं. मी कुठे जाऊ अशा वेळी? दुकान माझं, पाटी माझी, दार उघडं — आणि हलता येत नाही. रविवारी विहारात आम्ही शेजारी बसून पंचशील म्हणतो. चौथं शील खोटं न बोलण्याचं. दादाचा आवाज मोठा आहे, त्यात माझा झाकला जातो.

घरी तर अजून वाईट. पोरीने अभ्यासात आळस केला की वहिनी म्हणते, बापासारखी करू नको, त्याच्या शौकानं बोटं खाल्ली. दादा मान खाली घालून जेवतो. मीही जेवतो.

या हिवाळ्यात नाटक आमच्या गावातच आलं. पुतणी सगळ्यांची तिकिटं घेऊन आली. दादा नाही म्हणाला. ती माझ्याकडे आली, म्हणाली, काका, तुम्ही सांगा, ते तुमचंच ऐकतात.

दिवस मावळताना दादा अंगणात बसला होता. मी म्हटलं, "दादा, जा ना गा. उद्या सुट्टीच हाय."

तो म्हणाला, "नाही बाबू. त्या दिवशी तू तोंडावर खरं बोलला म्हणून माही खोड गेली. दुसरा कोणी बोलला नसता."

अंगणात आम्ही दोघंच होतो. कोणी ऐकणारं नव्हतं. विचारणारंही नव्हतं. माझं तोंड उघडलं.

मी म्हटलं, "बरं."

वहिनी आणि पुतणी दोघीच नाटकाला गेल्या. जाताना पुतणीने दादाचं तिकीट शेजारणीला दिलं. दादा घरात जाऊन टीव्हीसमोर बसला.

त्याला मी अजून सांगितलेलं नाही. लवकरच सांगेन, असं इथे लिहिलं होतं. ते खोडलं.