मोहाखाली पडलेला डबा

त्या सकाळी मोहाखाली आम्ही दोघी होतो, मी आणि माझी मोठी जाऊ. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर साऱ्या गावासमोर ती म्हणाली की ती तिथं नव्हतीच.

आमचं गाव कुरखेड्याच्या पलीकडे. बस जिथं थांबते तिथून पुढं तासभर पायी. मी तिथली अंगणवाडी सेविका. लग्न होऊन आले तेव्हा बारावी झालेली सून म्हणून माझं कौतुक दोन दिवस झालं, टोमणे अजून चालू आहेत. मोहाची फुलं पडायला लागली की मीही टोपली घेऊन पहाटेच निघते आणि अंगणवाडीच्या वेळेआधी परत येते.

त्या दिवशी फुलांच्या मधोमध एक पांढरा डबा पडलेला होता. थर्माकोलचा, जेवणाच्या डब्याएवढा. एका बाजूनं वायर बाहेर आलेली. वर फांदीत लांबलचक दोरा गुंतला होता आणि दोऱ्याच्या टोकाला फाटक्या रबराच्या चिंध्या लोंबत होत्या.

जाऊ टोपली सावरत मागं पळाली. "हात नको लावू! फुटन ते!"

मीही घाबरले होते. आमच्याकडे वायर लागलेला डबा दिसला की माणूस आधी पाय मागं घेतो. पण डब्यावर कागद चिकटवलेला होता आणि कागदावर इंग्रजीत छापलेलं होतं. मी वाकून वाचलं. हे हवामान मोजायचं यंत्र आहे, यानं इजा होत नाही, असा त्याचा अर्थ होता. मी पुन्हा एकदा वाचलं आणि मग उचललं.

"जाऊबाई, हे फुग्याले बांधून आभाळात सोडतेत. हवा-पाणी पाह्याले. लिवलं हाये इथी."

"तुले आभाळातलं काय समजते? ठेव तिथीच."

मी नाही ठेवला. थोड्या वेळात लेकरं तिथं फुलं वेचायला आली असती आणि दगडानं ठेचत बसली असती. आणि खरं सांगायचं तर मला तो अंगणवाडीत दाखवायचा होता. एवढं नवल आमच्या रानात आजवर पडलं नव्हतं.

घरी पोचेपर्यंत गावभर झालं होतं. पोलीस पाटील अंगणात उभा होता, त्याच्यामागं पंधरा-वीस माणसं. कोणी डब्याकडे बघत नव्हतं, सगळे माझ्याकडे बघत होते.

"काऊन उचललं बाई तुम्ही?" पोलीस पाटील म्हणाला.

"भाऊ, यावर लिवलं हाये. हवामानाचं हाये."

"लिवलं हाये म्हणते! बॉम्बवर काय बॉम्ब म्हणून लिवतेत?"

सगळे हसले. मी कागद त्यांच्यापुढं धरला. एकानंही वाचला नाही. त्यांतले तिघे-चौघे तर शिकलेले होते, तालुक्याला अर्ज लिहून द्यायचे, पण त्यांनीही मान फिरवली. वाचला असता तर काहीतरी बोलावं लागलं असतं.

मग खरी भीती बाहेर आली. डबा घरात ठेवला आणि पोलिसांना कळलं, तर गावाची झडती. डबा पोलिसांच्या कॅम्पात नेऊन दिला, तर जंगलातले नक्षलवादी म्हणणार, हे गाव खबऱ्यांचं. परत रानात टाकला, तर ज्याच्या झाडाखाली सापडला त्याचं मरण. तासभर खल चालला आणि शेवटी ठरलं की जिनं उचलला तिनंच न्यावा. गावाचा संबंध नाही.

"मी एकटी नव्हतो," मी म्हटलं. "जाऊबाई होत्या संगं. इचारा त्याइले."

जाऊ दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिनं पदर डोक्यावर घेतला. "मी कुठी होतो? मी तर नदीवर गेल्तो," ती म्हणाली.

तिची टोपली फुलांनी अर्धी भरलेली तिच्या पायाशीच होती. 

नवरा माझ्यासोबत निघाला, पण वीस पावलं मागं. मी थांबले की तोही थांबायचा. कॅम्पच्या अलीकडच्या वळणावर तो म्हणाला, "मी इथीच थांबतो." मी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

कॅम्पच्या फाटकापासून लांब असतानाच ओरडा आला, "ठेव खाली! मागं हो! हात वर!" बंदुकीची नळी माझ्या पोटाकडे होती. मी डबा रस्त्यात ठेवला. मला उन्हात, हात वर करून, एका पळसाशी उभं केलं. किती वेळ ते माहीत नाही. हात खाली आला की ओरडत. पाणी मागितलं तर कोणी हललं नाही. मी तिथूनच दोनदा ओरडून सांगितलं की वर लिहिलंय, वाचा. दुसऱ्यांदा एक जण म्हणाला, "गप उभी राहा."

दुपारी गडचिरोलीहून बॉम्बशोधक पथकाची गाडी आली. जाड कपडे घातलेला माणूस डब्यापर्यंत गेला, वाकला आणि लगेच सरळ झाला. मग कॅम्पचा साहेब गेला. त्यानं कागद वाचला आणि मोठ्यानं हसला.

"अहो बाई, हे तर हवामानवाल्यांचं. यावर लिहिलेलं आहे की!"

बंदूक, ऊन, तहान हे सगळं मी एक वेळ विसरेन. ते हसणं नाही विसरत.

हसून झाल्यावर त्यानं मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि चौकशी सुरू केली. कुठं सापडला, कोणी पाठवलं, गावात कोण येतं-जातं. माझा फोन घेतला, आधार कार्डाचा फोटो घेतला.

"सोबत कोण होतं?"

"कोणी नव्हतं. एकटीच होते."

जाऊवरच्या मायेनं नाही बोलले मी. मी पोलिसांना नाव दिलं असं गावात कोणाला म्हणता येऊ नये, एवढंच.

निघताना मी म्हटलं, "साहेब, हे साधं यंत्र होतं असं कागदावर लिहून द्या. गावात दाखवते."

"असं काही लिहून देता येत नाही," तो म्हणाला आणि फोनवर बोलू लागला.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत एकही लेकरू आलं नाही. मदतनीस बाईनं खिचडी शिजवली, दुपारी ती गुरांना घातली. नळावर गेले की बायका पाण्याचे गुंड घेऊन बाजूला व्हायच्या. मला ऐकू येईल असं म्हणायच्या, "कॅम्पवाली आली." पंधरा दिवस मी रिकाम्या खोलीत तक्ते लावून बसले. घरी राहिले असते तर त्यांचं म्हणणं खरं ठरलं असतं.

मग तालुक्याहून पर्यवेक्षिका आली. पट पाहून म्हणाली, लेकरं नसतील तर केंद्र दुसऱ्या गावाला जाईल. हे ऐकल्यावर पोलीस पाटलाला जाग आली. पोषण आहाराची पाकिटं त्याच्याही घरी यायची. दुसऱ्या सकाळी त्यानं नातीला स्वतः आणून बसवलं. "शिकवा बाई हिले," म्हणाला, जणू मधे काही झालंच नव्हतं. आठ दिवसांत खोली भरली. माफी कोणी मागितली नाही, मीही कोणाला मागायला लावली नाही.

जाऊशी मात्र मी बोलणं टाकलं. चुली वेगळ्या केल्या. नवऱ्याशी बोलते, कामापुरतं.

यंदा मोहाच्या दिवसांत जाऊ माझ्या दारात आली. चौकट धरून उभी राहिली.

"तवा मले भेव लागलं होतं वो," ती म्हणाली.

"मले काय लग्नाले गेल्यासारखं वाटलं होतं?" मी विचारलं.

 मी टोपली उचलली आणि तिच्या बाजूनं निघून गेले. आता मी पलीकडच्या झाडांखाली एकटीच वेचते.